‘तिथं नाव लिहून घेतील’

(नभोवाणीवर झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



बाहेरून येणारे लोक आपल्याबरोबर रोग घेऊन येतात का? आणि ज्यांच्याकडे राहण्याचा कायदेशीर परवाना नाही, अशांना सरकारी दवाखान्यात औषध द्यावं का? अमेरिकेत हा वाद जुना आहे आणि निवडणूक आली की तो हमखास पेटतो. मी छातीच्या विकारांचा डॉक्टर. पुण्यात पस्तीस वर्षं क्षयाचे रुग्ण तपासले आणि निवृत्त झालो. दूर देशातल्या या वादाशी आपला कधी संबंध येईल असं वाटलं नव्हतं. तो आला २०१९ च्या ऑगस्टमध्ये.

मुलगी न्यू जर्सीला असते. आम्ही दोघं तिच्याकडे तीन महिन्यांसाठी गेलो होतो. घरी श्रावणातला सत्यनारायण होता. जेवण बाहेरून मागवलं होतं आणि ते पोहोचवायला हॉटेलातले स्वयंपाकी स्वतःच आले होते. चाळिशीचे गृहस्थ, बोलण्यावरून कोल्हापूरकडचे. मराठी घर दिसलं म्हणून प्रसादाला थांबले. ते खोकत होते. आमच्या व्यवसायात डोळ्याआधी कान काम करतात. मी त्यांना मागच्या अंगणात घेऊन गेलो आणि विचारलं, खोकला कधीपासून आहे?

“शिमग्यापासनं हाय बघा.”

म्हणजे पाच महिने. रात्री घाम येत होता. पट्ट्याला दोन नवी भोकं पाडावी लागली होती. क्षय आहे असं मी म्हटलं नाही. बेडका तपासल्याशिवाय कोणी म्हणूही नये. पण माझ्या मनात दुसरं काही नव्हतं, आणि त्यांच्याही मनात नव्हतं. त्यांचे चुलते त्याच रोगानं गेले होते.

“डॉक्टरसाहेब, तुम्ही पुण्यासनं आलाय. जवळ गोळ्या असतील तर द्या की.”

गोळ्या माझ्याकडे नव्हत्या, आणि असत्या तरी त्या देशात मला साधी तापाची गोळी लिहून देण्याचाही अधिकार नव्हता. पण कबूल करतो, मनात विचार येऊन गेला. पुढच्या महिन्यात जावयाचे भाऊ पुण्याहून येणार होते. त्यांच्या सुटकेसमधून महिन्याभराची पाकिटं मागवणं मुळीच अवघड नव्हतं. मात्र तपासणीशिवाय, अंदाजानं, हाताला लागतील तेवढे दिवस घेतलेली क्षयाची औषधं काय करतात ते मी आयुष्यभर पाहिलं आहे. रोग बरा होत नाही, उलट त्या औषधांना दाद देईनासा होतो. मी त्यांना म्हटलं, इथल्या सार्वजनिक आरोग्य खात्याचा छातीचा दवाखाना आहे, तिथे जा. पैसे नाहीत म्हणून क्षयाच्या रुग्णाला ते परत पाठवत नाहीत. व्हिसाही विचारत नाहीत.

ते हसले. “विचारत नसतील साहेब. पर तिथं नाव लिहून घेतील.”

सहा वर्षांपूर्वी ते पर्यटक व्हिसावर आले होते. मुदत संपली, ते राहिले. गावाकडे कर्ज होतं आणि मुलगी शिकत होती. दोन खोल्यांत सहा जण राहत, सगळे हॉटेलांत काम करणारे. उपचार न घेतलेला क्षयाचा रुग्ण वर्षभरात निकटच्या पाच ते पंधरा माणसांना संसर्ग देऊ शकतो. इथे सहा जण एका छताखाली आणि शेजारी हॉटेलचं स्वयंपाकघर.

आता त्यांची भीती खरी होती का, ते पाहू. नेमक्या त्याच महिन्यात अमेरिकन सरकारनं एक नियम जाहीर केला होता. ‘पब्लिक चार्ज’ असा शब्द त्यात होता. अर्थ असा की, जो माणूस सरकारी तिजोरीवर भार होण्याची शक्यता आहे, त्याला कायम राहण्याचा परवाना द्यायचा नाही. कल्पना नवी नाही. ती त्यांच्या १८८२ च्या कायद्यापासून आहे. नव्या नियमानं तिची व्याप्ती वाढवली. सरकारी आरोग्यविमा, अन्नसाहाय्य, घरभाड्याची मदत, हे सगळं आता अर्जदाराच्या विरोधात मोजलं जाणार होतं. न्यायालयांत अडकत अडकत तो फेब्रुवारी २०२० मध्ये लागू झाला आणि मार्च २०२१ मध्ये मागे घेतला गेला.

त्या नियमाचा आमच्या स्वयंपाक्यांशी काडीचा संबंध नव्हता. त्यांनी ग्रीन कार्डासाठी अर्जच केलेला नव्हता. शिवाय आरोग्य खात्यानं दिलेले क्षयाचे उपचार त्या हिशेबात धरले जाणार नव्हते. पण हे बारकावे हॉटेलात कोण वाचणार? मुलीच्या ओळखीतले लोक, सगळे शिकलेले आणि सगळे कायदेशीर, तेसुद्धा एकमेकांना विचारत होते की मुलाला सरकारी केंद्रात लस टोचली तर ग्रीन कार्ड अडेल का. अर्बन इन्स्टिट्यूट या संशोधन संस्थेच्या पाहणीत दिसलं होतं की २०१८ मध्येच, म्हणजे नियम नुसता चर्चेत असताना, स्थलांतरित कुटुंबांतल्या दर सात प्रौढांपैकी एकाच्या घरी या भीतीनं कोणीतरी सरकारी मदत टाळली होती. पुढे करोना आला तेव्हा मार्च २०२० मध्ये सरकारलाच जाहीर करावं लागलं, की करोनाची तपासणी आणि उपचार घ्या, ते तुमच्या विरोधात मोजले जाणार नाहीत. पण तोवर घबराट गल्लोगल्ली पोहोचलेली होती.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. स्थलांतराला विरोध करणारे सगळे अज्ञानी असतात असं समजणं हा आपला एक सोयीचा गैरसमज आहे. अमेरिकेत २०२३ साली क्षयाचे साडेनऊ हजारांच्या वर रुग्ण आढळले. त्यांतले चारांत तीन देशाबाहेर जन्मलेले होते. हा आकडा त्यांच्याच रोगनियंत्रण खात्याचा आहे आणि तो खरा आहे. जगातले क्षयाचे चौथाई रुग्ण एकट्या भारतात आहेत, मग आपण तरी कोणत्या तोंडानं नाकारणार? येणाऱ्याची तपासणी करण्याचा हक्क प्रत्येक देशाला आहे. इंग्लंडला सहा महिन्यांपेक्षा जास्त राहायला जाणाऱ्या आपल्या मुलांना क्षय नसल्याचा दाखला आधी काढावा लागतो. अमेरिका कायमच्या परवान्यासाठी छातीचा एक्स-रे काढते आणि शंका आली तर बेडक्यातले जंतू वाढवून पाहते. यात अपमान वाटण्यासारखं काही नाही.

पैशाचा मुद्दाही खोटा नाही. कॅलिफोर्नियानं २०२४ पासून कागद नसलेल्या सर्व वयांच्या गरिबांना राज्याच्या आरोग्य योजनेत घेतलं. खर्च पेलेना, तेव्हा जानेवारी २०२६ पासून अशा नव्या प्रौढांची नोंदणी थांबवली. ही माणसं निर्दय होती म्हणून हे झालं नाही. आधी दार उघडणारेही तेच होते.

पण वेशीवरची तपासणी किती पुरते? अमेरिकेतल्या क्षयाच्या रुग्णांपैकी ऐंशी टक्क्यांहून अधिक लोकांत रोग जुन्या, शरीरात झोपलेल्या संसर्गातून उठतो. माणूस येतो तेव्हा ठणठणीत असतो. एक्स-रे स्वच्छ असतो. दहा वर्षांनी मधुमेह होतो, खाण्याची आबाळ होते आणि जंतू जागा होतो. तेव्हा तो विमानतळावर नसतो, हॉटेलच्या भटारखान्यात असतो. पर्यटक आणि विद्यार्थी यांची तर वेशीवरही वैद्यकीय तपासणी सहसा होत नाही. म्हणजे हा रोग पकडण्याची जागा देशाच्या आतल्या दवाखान्यात आहे, आणि तिथे माणूस आपल्या पायांनी आला तरच तो सापडतो.

हा धडा अमेरिकेला सव्वाशे वर्षांपूर्वी एकदा मिळालेला आहे, आणि त्या गोष्टीत आपली मुंबईही आहे.

मार्च १९०० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाऊनमध्ये एका हॉटेलच्या तळघरात एक चिनी मजूर मेलेला सापडला. जंतू पाहिले तर ते प्लेगचे निघाले. शहराच्या आरोग्य मंडळानं चायनाटाऊनभोवती दोर बांधले. आतल्या गोऱ्यांना बाहेर जाऊ दिलं, चिन्यांना नाही. दोनतीन दिवसांत दोर सुटले. मग मे महिन्यात फर्मान निघालं की चिनी आणि जपानी माणसानं लस टोचून घेतल्याचा दाखला असल्याशिवाय शहर सोडायचं नाही. लस कोणती? हाफकिनची! जानेवारी १८९७ मध्ये मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात वाल्डेमार हाफकिन यांनी जी तयार केली आणि आधी स्वतःला टोचून घेतली, तीच. भायखळ्याच्या तुरुंगात तिची परीक्षा झाली होती. आज परळची हाफकिन इन्स्टिट्यूट त्यांच्या नावानं उभी आहे.

लस कामाची होती. पण टोचल्यावर ताप यायचा, हात सुजायचा. आणि ती सक्ती फक्त आशियाई माणसांवर होती, जणू प्लेगचा जंतू आधी चेहरा पाहत असावा. चिनी लोक न्यायालयात गेले. न्यायमूर्ती विल्यम मॉरो यांनी मे महिन्यात ही सक्ती रद्द केली. लगेच पुन्हा चायनाटाऊनला वेढा पडला, तोही गोऱ्यांची दुकानं वगळून वळणं घेत घेत आखलेला. एका चिनी किराणा दुकानदारानं दावा लावला आणि जूनमध्ये त्याच न्यायमूर्तींनी तो वेढाही बेकायदा ठरवला.

यात एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. १८९२ च्या कायद्यानुसार त्या देशातल्या चिनी मजुराला रहिवासाचा दाखला बाळगावा लागे. दाखला दाखवता आला नाही तर हद्दपारी होऊ शके. आता विचार करा. घरात कोणाला ताप आला, काखेत गाठ आली. आरोग्य खात्याचा माणूस दाराशी आला तर तो गाठ पाहणार की दाखला? लोकांनी आजारी माणसं लपवली, प्रेतं लपवली. पुण्याला हे वेगळं सांगायला नको. १८९७ मध्ये गोरे सोजीर घरांत शिरून झडती घेऊ लागले, तेव्हा आपल्या आज्या-पणज्यांनी दुसरं काय केलं होतं?

कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर तर राज्यात प्लेगच नाही असं म्हणत राहिले. व्यापार बुडेल ही धास्ती. ज्या डॉक्टरांनी जंतू ओळखला होता, त्या जोसेफ किन्यून यांची १९०१ मध्ये बदली झाली. १९०४ पर्यंत १२१ रुग्ण झाले आणि बहुतेक सगळे दगावले. १९०६ चा मोठा भूकंप झाला, शहर जळालं, आणि १९०७ मध्ये प्लेग परत आला. या वेळी रुग्ण मुख्यतः गोरे होते. दरम्यान मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत उंदरांवरच्या पिसवांचं काम झालं होतं. रोग उंदरांकडून पिसवांमार्फत माणसाला होतो हे आता पक्कं झालं होतं. रूपर्ट ब्लू नावाच्या अधिकाऱ्यानं या खेपेला चिन्यांना सोडून उंदरांना धरलं. शहरभर सापळे लावले, तळघरांत काँक्रीट घातलं, आणि साथ आटोक्यात आली.

जाता जाता एक. १९१० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत एंजल आयलंडवर तपासणी ठाणं सुरू झालं. पंजाबातून आलेल्या शेतमजुरांच्या पोटात हुकवर्म सापडले की त्यांना परत पाठवत. औषधाच्या दोनचार डोसांनी जाणारा हा जंत त्याच सुमाराला अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत घरोघर होता, आणि रॉकफेलरांचा पैसा तो घालवण्यासाठी खर्च होत होता!

हे सगळं मी अमेरिकेला नावं ठेवण्यासाठी सांगत नाही. मला तो अधिकारही नाही. त्याचं कारण सांगतो.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी पुण्यात एका क्षयरोग केंद्रात होतो. नवी पद्धत आली होती. प्रत्येक रुग्णाच्या नावाचा औषधांचा स्वतंत्र डबा, आणि आठवड्यातून तीन दिवस समोर बसवून गोळ्या द्यायच्या. उत्तम पद्धत. तिच्यात एक अट होती, डबा उघडण्याआधी पत्त्याची खात्री करायची. मधेच रुग्ण गायब झाला तर शोधायचा कुठे, म्हणून. एक दिवस गुलबर्ग्याकडचा एक बांधकाम मजूर आला. बेडक्यात जंतू होते. पत्ता म्हणाल तर इमारतीच्या साइटवरची पत्र्याची खोली. रेशन कार्ड नाही, ठेकेदार चिठ्ठी देईना. मी नियमानं वागलो. त्याला म्हटलं, तुझ्या गावच्या केंद्रात जा, मी पत्र देतो. पत्र दिलंही, इंग्रजीत. तो गावी गेला नाही. रोज बुडवून जाणार कसा? दोन महिन्यांनी तोच माणूस रक्ताची गुळणी घेऊन परत आला आणि या वेळी बरोबर त्याची बायको खोकत होती. तो आपल्याच देशाचा नागरिक होता, परवान्याचा प्रश्नही नव्हता. नुसता पत्ता नव्हता. त्या केंद्रात आम्ही नंतर ठेकेदाराऐवजी कोपऱ्यावरच्या चहावाल्याची साक्ष चालवून घेऊ लागलो. पण ते नंतर.

म्हणून मला न्यू जर्सीतल्या त्या वाक्याचा विसर पडत नाही. कारण ते खरं आहे. क्षयाच्या दवाखान्यात नाव लिहून घेतातच. नाव, पत्ता, फोन, कोणाबरोबर राहता, कुठे काम करता. त्याशिवाय सहा महिने औषध देता येत नाही आणि संसर्ग कोणाकोणाला झाला तेही शोधता येत नाही. साथीच्या रोगांचं सगळं काम याद्यांवर चालतं, आणि त्या याद्या लोक स्वखुशीनं देतात. अट एकच, यादी दवाखान्यातून बाहेर जाणार नाही हा भरवसा.

तो भरवसा मोडल्याची उदाहरणं आहेत. इंग्लंडमध्ये २०१७ मध्ये तिथल्या आरोग्य सेवेनं रुग्णांचे पत्ते गृहखात्याला देण्याचा करार केला होता. डॉक्टरांनी आणि खासदारांनी ओरड केली, तेव्हा २०१८ मध्ये तो मुख्यतः थांबला. अमेरिकेत जानेवारी २०२५ मध्ये, रुग्णालयं आणि शाळा अशा ठिकाणी शक्यतो अटक करू नये हा जुना दंडक काढून टाकण्यात आला. त्याच वर्षी जूनमध्ये गरिबांच्या मेडिकेड योजनेतली काही राज्यांच्या लाभार्थ्यांची माहिती गृहसुरक्षा खात्याच्या हाती दिली गेली आणि राज्यं न्यायालयात धावली. निकाल काय लागायचा तो लागो. ज्या माणसानं ही बातमी ऐकली, तो पुढच्या खोकल्याला काय करेल?

उलट उदाहरणही आहे. मार्च २०२० मध्ये पोर्तुगालनं ठरवलं, की ज्यांचे रहिवासाचे अर्ज पडून आहेत, त्या सगळ्यांना तूर्त कायदेशीर रहिवासी समजायचं. उद्देश साधा होता. आजारी माणसानं दवाखान्यात यावं आणि त्याची नोंद व्हावी. अर्जांचा निकाल नंतर आपल्या गतीनं लागणारच होता. कोणाला देशात ठेवायचं आणि कोणाला नाही, हा निर्णय त्यांनी सोडून दिला नाही. तो साथीच्या काळात दवाखान्याच्या दारात घ्यायचा नाही, एवढंच ठरवलं.

आमच्या स्वयंपाक्यांचं काय झालं ते सांगायचं राहिलं. तीन वेळा मी त्यांना फोन केला. चौथ्या खेपेला त्यांनीच केला. बेडक्यात रक्ताची रेघ दिसली होती. सोमवारी, हॉटेलच्या सुट्टीच्या दिवशी, मी आणि मुलगी त्यांना घेऊन दवाखान्यात गेलो. काउंटरवरच्या बाईंनी मास्क दिला आणि नाव विचारलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी काहीच बोललो नाही, कारण वचन द्यायला तो दवाखाना माझा नव्हता. त्यांनी नाव सांगितलं. पत्त्याशी अडले. नर्स म्हणाली, मीच गोळ्या घेऊन घरी येणार आहे, मला दार तर सापडायला हवं. मग पत्ता दिला. बरोबर कोण राहतं असं विचारल्यावर पाचांपैकी दोघांचीच नावं सांगितली.

क्षयच होता, आणि नशिबानं साध्या औषधांना दाद देणारा. ऑक्टोबरमध्ये मी पुण्याला परतलो. दिवाळीनंतर त्यांचा फोन आला. वजन साडेतीन किलो वाढलं होतं, बेडका स्वच्छ आला होता. नर्स चांगली बाई आहे म्हणाले, तिला पोहे करून घातले. हळूहळू त्यांनी आणखी दोघांची नावं दिली होती, त्या चौघांची तपासणी झाली आणि एकाला गोळ्या सुरू झाल्या.

मी विचारलं, आणि पाचवा?

तो एक पोरगा होता म्हणाले, विशीतला, तोही थोडा खोकत होता. नर्स पहिल्यांदा घरी आली त्याच रात्री तो सामान घेऊन खोली सोडून गेला. कुठे गेला ते कोणालाच माहीत नव्हतं.